खारवा : रजईचे अस्तर आणि वहीचे बासन

जुन्या मराठी कोशांत 'खारवा' हा शब्द आढळतो. लाल रंगविलेले, जाडेभरडे आणि टिकाऊ सुती कापड असा त्याचा अर्थ. बोलण्यातून हा शब्द आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. परंतु ज्या दोन वस्तूंमुळे तो घरोघरी पोहोचला, त्या दोन्ही मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. एक म्हणजे थंडीत अंगावर घेण्याची रजई आणि दुसरी म्हणजे व्यापाऱ्याच्या गादीवरील, लाल कापडात बांधलेली हिशेबाची वही. रजईच्या आतल्या बाजूस आणि वहीच्या बाहेरच्या बाजूस एकाच जातीचे कापड लागत असे. ते दूरदूरच्या बाजारपेठांना पुरविणाऱ्या गावांत बुंदेलखंडातील मऊरानीपूरचे नाव मोठे होते.

झाशीपासून सुमारे पासष्ट किलोमीटर अंतरावर, सुखनई नदीच्या काठी हे गाव वसलेले आहे. मऊ आणि रानीपूर ही मुळात दोन गावे; त्यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर असल्याने व्यापाऱ्यांच्या तोंडी ती एकत्र उच्चारली जाऊ लागली. झाशीहून खजुराहोकडे जाणाऱ्या प्रवाशाला मऊरानीपूर वाटेत लागते, मात्र तेथे तो थांबतो असे क्वचितच घडते. मराठी प्रवाशाने तरी थांबावयास हरकत नाही, कारण या गावाच्या भरभराटीचा आरंभ मराठी अमलात झाला.

नेवाळकरांच्या काळात

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मऊ हे शेतीवर जगणारे साधे खेडे होते. त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शेजारच्या छतरपूर संस्थानातील व्यापारी व कारागीर तेथील राजाच्या वसुलीला कंटाळून गाव सोडून निघाले. त्या वेळी झाशीचा सुभा पेशव्यांच्या वतीने रघुनाथराव हरी नेवाळकर सांभाळीत होते. कोकणातून उत्तरेत गेलेले हे घराणे. याच घराण्यात पुढे राणी लक्ष्मीबाई सून म्हणून आल्या. रघुनाथरावांनी छतरपूरहून आलेल्या या मंडळींना मऊमध्ये आश्रय दिला आणि बघता बघता खेड्याची पेठ झाली. आपली माणसे व आपले भांडवल घेऊन व्यापारी जेव्हा सरहद्द ओलांडतो, तेव्हा एका राज्याचे नुकसान हे दुसऱ्याचे उत्पन्न होते, हे त्या सुभेदाराने नेमके ओळखले असले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या 'इंपीरियल गॅझेटिअर'मध्ये या गावाची नोंद घेताना दोन गोष्टींचा उल्लेख केलेला आहे. पहिली, तेथील घरांचे देखणेपण : दोन मजल्यांच्या मधून पुढे आलेल्या खोल वळचणी आणि भिंतीबाहेर झुकलेले सज्जे. दुसरी, तेथील खारव्याचा व्यापार. ज्या बाजारपेठांशी मऊची देवघेव होती, त्यांत मिर्झापूर, फर्रुखाबाद, हाथरस, काल्पी, दिल्ली आणि इंदूर यांच्याबरोबर अमरावती आणि नागपूर ही नावेही येतात. बुंदेलखंडाच्या पठारावरून वऱ्हाडात बैलगाड्यांनी येणारे हे लाल गठ्ठे लोहमार्गापूर्वीच्या काळातील आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कापडाची मागणी किती पक्की होती याची कल्पना येते.

तीन वर्षांचे पीक

खारव्याचा लाल रंग 'आल' नावाच्या झाडाच्या मुळांतून मिळत असे. (स्वयंपाकघरातील आले ते हे नव्हे.) मराठीत या झाडाला बारतोंडी असेही म्हणतात आणि त्याच्या मुळांना 'सुरंगी' हे व्यापारी नाव होते. वऱ्हाड व खानदेशातही त्याची लागवड होत असे. याच झाडाच्या एका भाईबंदाच्या फळांचा रस आज 'नोनी' या नावाने औषधी म्हणून बाटल्यांतून विकला जातो, आणि घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याच्या मुळांचा इतिहास ठाऊक असतो.

आलची शेती हा धीराचा व्यवहार होता. पावसाळ्याच्या तोंडी काळ्या जमिनीत बी पेरावयाचे. त्यानंतर तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी मुळे खणून काढावयाची. तोपर्यंत त्या शेतातून काहीही हाती येत नसे. खणणेही सोपे नव्हते. मुळे तीन ते चार फूट खोल जात, आणि रंग असे तो मुळांच्या सालीत. म्हणून बोटासारख्या जाड मुळांना किंमत कमी आणि दोऱ्यासारख्या बारीक मुळांना सर्वाधिक. तोडण्याची घाई केली की नेमकी मोलाची मुळे मातीत राहून जात. खणणावळीचा खर्च मोठा असला तरी तो सगळाच वाया जात नसे. बुंदेलखंडाच्या काळ्या जमिनीला काँस नावाच्या गवताचा शाप आहे. त्याची मुळे इतकी खोल जातात की साध्या नांगराने ती निघत नाहीत आणि एकदा का शेत काँसने व्यापले की ते वर्षानुवर्षे पडीक राहते. आलसाठी केलेल्या खोल खणणीने हे गवत मुळासकट निघे आणि पुढच्या पिकांना जमीन मोकळी मिळे.

बँकेच्या व्यवहारात वावरणाऱ्या वाचकांच्या लक्षात येथे एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. आज फळबागेसाठी कर्ज देताना झाडे फळांवर येईपर्यंत परतफेडीचे हप्ते सुरू करीत नाहीत. आलच्या शेतकऱ्याला अशी सवलत देणारी संस्था नव्हती. त्याला एकतर पदरच्या पुंजीवर तीन वर्षे काढावी लागत किंवा सावकाराकडे जावे लागे. इंग्रजी अमलात शेतसारा मात्र दरवर्षी, रोख आणि ठरल्या हप्त्यांनी भरावा लागे. पीक तीन वर्षांचे आणि सारा वर्षाचा, अशी ही विसंगती होती. झाशी जिल्ह्यातील जमीनदारांचा कर्जबाजारीपणा एवढा वाढला की १८८२ मध्ये सरकारला त्यासाठी 'झाशी एन्कंबर्ड इस्टेट्स ॲक्ट' हा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याचे कारण एकटे आल नव्हे. परंतु कर्जात बुडालेल्या प्रदेशात तीन वर्षे थांबावे लागणारे पीक कोण घेणार, हा प्रश्न उरतोच.

रंगाऱ्याचे काम

मुळे हाती आली म्हणजे रंग तयार झाला असे नाही. तलम कापड रंगविले तर त्याला 'सालू' म्हणत आणि जाडेभरडे रंगविले तर 'खारवा'. मऊची ख्याती खारव्याची. कोरे कापड आधी एरंडेल तेल आणि सज्जीखार यांच्या मिश्रणात पुनःपुन्हा भिजवून वाळवीत. शेणाच्या पाण्यात ते घोळणे, धुणे, उन्हात पसरणे हे काम कित्येक दिवस चाले. मग हिरड्याचे पाणी, मग तुरटी, आणि शेवटी कुटलेल्या मुळांसह भांड्यात घालून मंद आचेवर चढविणे. आच हळूहळू, टप्प्याटप्प्याने वाढवावी लागे. घाई झाली की रंग विटकरी येई, नीट साधले तर गडद लाल.

यातील तेलाचा टप्पा किती निर्णायक होता, हे एका परदेशी प्रसंगावरून कळते. ही मुळे 'सुरंजी' या नावाने मुंबईहून स्कॉटलंडला पाठविण्यात आली होती. तेथील छापकाम करणाऱ्या रंगाऱ्यांनी नेहमीच्या पद्धतीने ती वापरून पाहिली आणि यात रंगच नाही असा निर्वाळा दिला. थॉमस अँडरसन या रसायनशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये त्यांचा अभ्यास करून त्यांतील द्रव्य वेगळे काढले आणि तेलाचा संस्कार केलेल्या कापडावर हा रंग उत्तम चढतो हे दाखवून दिले. मऊच्या रंगाऱ्याला हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. ते त्याने कोठे लिहून ठेवले नव्हते, इतकेच.

अशा रीतीने चढलेला रंग धुऊन जात नसे, उन्हाने विटत नसे. खारव्याला कसर आणि वाळवी लागत नाही असाही समज होता, आणि वह्यांसाठी त्याला पसंती मिळण्याचे ते एक कारण होते. मराठीत कागदपत्रे बांधण्याच्या फडक्याला 'बासन' म्हणतात. पिढ्यांचे हिशेब ज्या कापडात गुंडाळून ठेवावयाचे ते कापड कागदाआधी फाटून कसे चालेल? आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनाच्या वेळी पाटावर मांडलेल्या नव्या वहीचा लाल रंग शुभ मानला जातो. त्या शुभ रंगामागे टिकाऊपणाचा हा व्यावहारिक हिशेबही होता.

चार बाजूंना चौघी

रजईच्या अस्तराकडून तर अपेक्षा आणखी कडक असत. वरचे कापड छापील, नाजूक, पाहुण्यांना दिसणारे. अस्तर अंगाला लागणारे. त्याची वीण इतकी घट्ट हवी की आतील कापूस बाहेर येऊ नये, आणि रंग इतका पक्का की घामाने वा धुण्याने तो वरच्या कापडावर उतरू नये. मळ तर दिसता कामा नये. खारवा या सगळ्या कसोट्यांना उतरे. विकत घेतलेले खारव्याचे अस्तर ही ऐपतीची खूण होती. बाकीच्या घरांत जुनी लुगडी, धोतरे आणि उरलेले तुकडे यांवरच भागविले जाई.

मात्र अस्तर विकतचे असो की जुन्या लुगड्याचे, टाके घालण्याचे काम एकटीचे नसे. महाराष्ट्रात गोधडी, वाकळ, लेपडे, दुपटे अशी या वस्तूची नावे प्रदेशाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे बदलतात. शिवण्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखी आहे. रब्बीची कामे उरकली आणि पाऊस अद्याप दूर आहे, अशा उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी ओसरीवर थर अंथरले जातात. चार बाजूंना बायका बसतात आणि कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याच्या रांगा आत आत नेत जातात. शेतीच्या कामांत जशी सावड असते, तशीच येथेही : आज एकीची गोधडी, चार दिवसांनी दुसरीची. मजुरी नाही, हिशेब मात्र आहे. कोणाच्या ओसरीवर कोण किती दुपारी बसली हे सर्वजणींच्या पक्के लक्षात असते. टाके मध्यापाशी येऊन मिळाले की गोधडीचे 'पोट' बंद होते. काही घरांत ते बंद करण्यापूर्वी आत भाकरीचा लहानसा तुकडा ठेवण्याची रीत आहे. गोधडी उपाशी राहू नये, ही त्यामागील भावना.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' नावाच्या गोधड्या शिवतात. आफ्रिकेतून शतकांपूर्वी या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्यांचे हे वंशज. त्यांच्या कोंकणी बोलीत मराठी व कानडी मिसळलेली आहे. त्यांच्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली 'फुले' असतात, आणि ती नसतील तर गोधडी नागडी राहिली असे त्या मानतात. दूर अमेरिकेतही स्त्रियांनी एका घरी जमून रजई शिवण्याची परंपरा वसाहतींच्या काळापासून आहे, आणि १९९२ पासून मार्च महिन्यातील तिसरा शनिवार तेथे राष्ट्रीय रजई-शिवण दिन म्हणून साजरा होतो. आपल्याकडे अशा दिवसाची नोंद कोणत्याही पंचांगात नाही. ओसरीवर जमलेल्या बायकांना आपण काही साजरे करीत आहोत असे कदाचित वाटतही नसेल. पण बारशाच्या आधी दुपटे पुरे करण्यासाठी जमलेल्या घोळक्याला दुसरे नाव देणे अवघड आहे.

कारखान्यातील लाल

१८६८ मध्ये कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून 'अलिझारीन' तयार केले. मंजिष्ठाच्या मुळांत असणारे हेच रंगद्रव्य. पुढच्याच वर्षी त्याचे पेटंट झाले आणि थोड्याच वर्षांत कारखान्यांतून ते टनांनी बाहेर पडू लागले. दक्षिण फ्रान्स आणि हॉलंडमधील मंजिष्ठाची शेते अवघ्या दहा-पंधरा वर्षांत उठली. त्यानंतर ही भुकटी मुंबई व कलकत्त्याच्या बंदरांतून भारताच्या अंतर्भागात पोहोचली.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. अलिझारीन आणि आलमधील रंगद्रव्य ही दोन्ही एकाच रासायनिक कुळातील. दोन्हींना कापडावर बसण्यासाठी तुरटी लागते. त्यामुळे भारतीय रंगाऱ्याला नवे काही शिकावे लागले नाही. तेल, हिरडा, तुरटी हे त्याचे जुने कौशल्य तसेच उपयोगी पडले. फक्त शेवटच्या भांड्यात मुळांच्या जागी पुडी आली. रंगाऱ्याची मेहनत वाचली आणि खर्चही कमी झाला. मरण ओढवले ते शेतकऱ्यावर, आणि त्याला हे कळावयास तीन वर्षे लागत. ज्या भावाच्या भरवशावर त्याने पेरले, तो भाव खणण्याच्या वेळेपर्यंत उतरलेला असे.

दोष एकट्या जर्मन भुकटीवर टाकणे मात्र योग्य होणार नाही. १८८९ मध्ये झाशी-माणिकपूर लोहमार्ग सुरू झाला आणि मऊरानीपूर त्यावरील स्थानक बनले. (याच वर्षी या गावी वृंदावनलाल वर्मा यांचा जन्म झाला. राणी लक्ष्मीबाईंवरील त्यांची हिंदी कादंबरी १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.) लोहमार्गाने मऊचा माल दूर नेला त्याहून अधिक वेगाने गिरणीचे स्वस्त कापड मऊच्या दारात आणून टाकले. १८९६-९७ च्या दुष्काळाने बुंदेलखंडाचे कंबरडे मोडले. खणणी थांबली तशी काँसनेही शेते पुन्हा बळकावली. सैयद मुहम्मद हादी यांनी १८९६ मध्ये वायव्य प्रांत व अवध येथील रंगकामावर विस्तृत ग्रंथ लिहिला. त्यापूर्वी काही वर्षे जॉर्ज वॉट यांच्या आर्थिक वनस्पतींच्या कोशात आलला अनेक पृष्ठे मिळाली होती. उद्योग ओसरू लागला असताना त्याची सर्वांत चांगली नोंद व्हावी, हा योगायोग दु:खद खराच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बुंदेलखंडातील आलची लागवड नावापुरती उरली होती.

निळीची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागे युरोपीय मळेवाल्यांचे भांडवल होते आणि पुढे चंपारणचा लढा उभा राहिला. त्यामुळे तिला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात स्थान मिळाले. आलमागे होते ते चार-दोन बिघ्यांचे शेतकरी, गावचे रंगारी आणि पेठेतील अडत्ये. त्यांच्या वतीने कोणी अर्ज केला नाही, कोठे दंगल झाली नाही. आपल्या भाषेतील वाक्प्रचार वापरावयाचा तर हा उद्योग मुकाट्याने बासनात गेला, आणि ते बासनही बहुधा अलिझारीनने रंगविलेले होते.

मुळांपासून लाल रंग काढण्याची विद्या मात्र देशातून पूर्णपणे गेलेली नाही. ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यातील कोटपाड येथे मिरगान समाजाचे विणकर आजही आलच्या मुळांच्या सालीने सूत रंगवितात. एरंडेल, शेण, राख आणि अनेक दिवसांची घोळणी, ही तेथील कृती मऊच्या जुन्या कृतीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. कोटपाडच्या कापडाला २००५ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. ओडिशातील ती पहिली. कोटपाडला जे टिकले ते मऊला का टिकले नाही, याचे एक उत्तर बाजारात आहे. कोटपाडचा विणकर मुख्यतः आजूबाजूच्या आदिवासी स्त्रियांसाठी विणत होता आणि त्यांना तोच रंग हवा होता. मऊचा माल शेकडो मैल दूरच्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी होता. त्याला लाल अस्तर हवे होते. ते कशाने लाल झाले याची त्याला चौकशी करण्याचे कारण नव्हते.

मऊरानीपूरमधील माग मात्र लगेच थांबले नाहीत. पुढील काळात त्यांवर दुसरे कापड निघू लागले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानीपूरचे टेरीकॉट प्रसिद्धीस आले. दरवर्षी भाद्रपदात सुखनईच्या काठी जलविहाराचा मेळा भरतो, गावातील देवांची विमाने वाजतगाजत नदीवर आणली जातात. भोवतालच्या शेतांत आता भुईमूग, तीळ आणि गहू असतो. तीन-चार फूट खणण्याचे कारण कोणालाच उरलेले नाही.